आधी उष्णतेची वाट, मग पाण्याचा रंग

डेस्कटॉप संगणक पाण्याने थंड ठेवण्याचा विचार बहुतेकांच्या मनात चित्रांतून शिरतो. काचेचे कॅबिनेट, त्यात काटकोनात वळलेल्या चकचकीत नळ्या, नळ्यांतून फिरणारे निळे किंवा जांभळे पाणी आणि मागे दिव्यांची रांग. ते दृश्य सुंदर असते हे मान्यच करायला हवे. पण पहिल्यांदा असा लूप बांधायला निघालेला माणूस खरेदीही त्या चित्राच्याच क्रमाने करतो आणि तिथे गणित चुकते. आधी डोळ्यांत भरणारे ब्लॉक, मग नळ्या आणि रंगीत द्रव, मग पंप. रेडिएटर मात्र उरलेल्या जागेत बसेल तेवढा. माझे म्हणणे असे की हा क्रम नेमका उलटा हवा. उष्णता शेवटी जिथून बाहेर पडते त्या टोकापासून, म्हणजे खोलीतली हवा आणि रेडिएटर यांपासून आखणी सुरू करावी, तिथून मागे येत प्रोसेसरपर्यंत पोहोचावे आणि रंग सगळ्यात शेवटी ठरवावा. असा लूप दिसायला कदाचित साधा असेल, पण तो आवाज न करता, गळती न होता चालेल आणि गरज पडेल तेव्हा सहज उघडता येईल. पहिल्या लूपकडून एवढेच मागणे रास्त आहे, आणि ते पूर्ण होते की नाही हे वस्तू विकत घेण्याआधी कागदावरच ठरते.

रचना समजायला अवघड नाही. प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डावर तांब्याचा एकेक ब्लॉक बसतो. ब्लॉकच्या आत केसाइतक्या बारीक फटींची जाळी असते आणि तिच्यातून पाणी जाताना उष्णता उचलते. ते पाणी नळीतून रेडिएटरकडे जाते. तिथे पातळ पत्र्यांमधून पंखे हवा ढकलतात आणि पाण्यातली उष्णता हवेत जाते. पाणी फिरते ठेवायला पंप आणि भरायला व हवेचे बुडबुडे वेगळे व्हायला एक टाकी, म्हणजे रिझर्व्हॉयर. हे सगळे सुटे भाग स्वतः निवडून जोडले की त्याला कस्टम लूप म्हणतात. कारखान्यातूनच भरून, बंद होऊन येणारा तयार संच असतो त्याला एआयओ म्हणतात; तो बसवायला चार स्क्रू आणि अर्धा तास पुरतो. कस्टम लूपमध्ये मात्र पाण्याची जबाबदारी पूर्णपणे बांधणाऱ्याची असते.

मुळात पाणी काय करते आणि काय करत नाही, हे आधी पक्के व्हायला हवे. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला ४.१८ ज्यूल उष्णता लागते, हवेला साधारण एक ज्यूल. शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी घन असल्यामुळे तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेते. पाण्याचा गुण इथेच संपतो. ते उष्णता नाहीशी करत नाही, प्रोसेसरच्या नखाएवढ्या जागेतून उचलून रेडिएटरच्या मोठ्या पृष्ठभागावर नेऊन पसरवते. आपल्याकडे उन्हाळ्यात वाळ्याचा कूलर लावतात, त्यात पाण्याची वाफ होते आणि म्हणून हवा खोलीपेक्षा गार येते. संगणकाचा लूप बंद असतो, त्यात वाफ होऊन जाण्याचा प्रश्नच नसतो. त्यामुळे लूपमधले पाणी खोलीच्या हवेपेक्षा कधीच गार होऊ शकत नाही. ते नेहमी काही अंश वरच राहते. ते किती अंश वर राहील हे रेडिएटरचा पृष्ठभाग आणि त्यातून जाणारी हवा ठरवतात. म्हणून आखणी तिथून सुरू करायची.

संगणकाच्या इतिहासातही पाणी उष्णतेच्या गरजेपोटीच आले आहे. आयबीएमचे १९६० च्या दशकातले सिस्टिम/३६० मॉडेल ९१ पाण्याने थंड होत असे, आणि १९८० मध्ये जाहीर झालेल्या ३०८१ या यंत्रात चिपांचे संच पाण्याने गार होणाऱ्या धातूच्या डब्यांत बंद केलेले होते. पुढे १९९० च्या दशकात कमी वीज खाणाऱ्या सीमॉस चिपा आल्या आणि मोठी यंत्रे पुन्हा पंख्यांवर चालू लागली. चिपांची उष्णता परत वाढली तसे २००८ च्या पॉवर ५७५ मध्ये आयबीएमने पाणी परत आणले. घरगुती संगणकांत हा प्रयोग हौशी लोकांनी मोटारीच्या हीटरचे छोटे रेडिएटर आणि मत्स्यालयाचे पंप जोडून सुरू केला. २००४ मध्ये ॲपलने पॉवर मॅक जी५ च्या सर्वांत वेगवान मॉडेलमध्ये कारखान्यातूनच द्रव फिरवला. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म हा सी-डॅकने उभारलेला महासंगणकही चिपांना थेट द्रवाने थंड करतो. या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे: आधी उष्णता मोजली गेली, हवा पुरत नाही हे दिसले आणि मग पाणी आणले. घरच्या टेबलावरही हाच क्रम शहाणपणाचा आहे.

तेव्हा पहिले काम कागदावर वॅट लिहिण्याचे. संगणक जेवढी वीज घेतो, जवळजवळ तेवढी सगळी शेवटी उष्णता होते. एएमडीचा रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर कागदोपत्री १७० वॅटचा म्हणून विकला जातो, पण पूर्ण भारात तो २३० वॅटपर्यंत घेऊ शकतो. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के वर १२५ हा मूळ आकडा असतो आणि कमाल आकडा २५३. वेष्टनावरचा छोटा आकडा धरून लूप आखला की पहिल्याच मोठ्या रेंडरला पंखे किंचाळू लागतात. ग्राफिक्स कार्ड याहून भारी: एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० चा आकडा ४५० वॅट, तर २०२५ च्या ५०९० चा ५७५. उदाहरणासाठी ७९५०एक्स आणि ४०९० अशी जोडी धरली तर लूपवर येणारा कमाल भार ६८० वॅट होतो. फक्त गेम खेळणाऱ्याचा प्रोसेसर सहसा एवढी वीज घेत नाही, त्यामुळे त्याचा खरा भार कमी असेल. थ्रीडी रेंडर किंवा व्हिडिओचे काम करणाऱ्याने मात्र दोन्ही आकड्यांची पूर्ण बेरीज धरावी. आपण संगणक कशासाठी वापरतो या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर इथे पैसे वाचवते.

ही बेरीज एका आक्षेपाचेही उत्तर देते. आक्षेप असा की आता चांगले एअर कूलर आणि ३६० मिमीचे एआयओ मिळतात, मग हा खटाटोप कशाला? केवळ प्रोसेसरपुरते पाहिले तर आक्षेप बरोबर आहे. रायझन ७००० मालिकेत गाभ्यांची प्रत्येक चिप जेमतेम सत्तर चौरस मिलिमीटरची असते आणि तिच्यावर धातूचे झाकण असते. एवढ्या छोट्या जागेतून शंभराहून अधिक वॅट बाहेर काढताना खरा अडथळा चिप, झाकण आणि उष्णतावाहक पेस्ट यांच्यातच असतो. पुढे कितीही पाणी फिरवले तरी तो जात नाही. शिवाय या मालिकेतले मोठे प्रोसेसर पूर्ण भारात ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथे वेग साधावा, अशा रीतीनेच घडवलेले आहेत. त्यामुळे फक्त प्रोसेसरसाठी कस्टम लूप बांधणाऱ्याच्या पदरी तापमानात फार तर काही अंश पडतात. ग्राफिक्स कार्डाचे तसे नाही. ४०९० ची चिप सहाशे चौरस मिलिमीटरहून मोठी आहे, तिच्यावर झाकण नाही आणि ब्लॉक थेट तिला भिडतो. तिथे पाणी खरोखर कामी येते: त्याच कामाला चिप कितीतरी थंड राहते आणि कार्डावरचे गरगरणारे पंखे निघून जातात. दोन्ही भागांची उष्णता एकाच मोठ्या पृष्ठभागावर नेऊन पंखे हळू फिरवता येणे, हा कस्टम लूपचा खरा लाभ आहे. तो नको असेल तर चांगला एअर कूलर घ्यावा आणि उरलेल्या पैशांत चांगले ग्राफिक्स कार्ड घ्यावे. त्यात काहीही कमीपणा नाही.

आता रेडिएटर. त्यांचे माप पंख्यांवरून ठरते: १२० मिमीचे दोन पंखे बसले तर २४०, तीन बसले तर ३६०, १४० मिमीच्या पंख्यांचे २८० आणि ४२०. अनुभवी लोकांचा ढोबळ हिशोब असा की १२० मिमीच्या एका पंख्यामागे शंभर वॅट धरले तर पंखे मध्यम वेगात फिरून पाणी खोलीपेक्षा सुमारे १० अंश वर राहते. पत्र्यांची दाटी, जाडी आणि पंख्याची ताकद यांनुसार हा आकडा मागेपुढे होतो, पण सुरुवातीला तो उपयोगी आहे. आपल्या ६८० वॅटना या हिशोबाने जवळपास सात पंख्यांची जागा लागते. ३६० चे दोन रेडिएटर घेतले तर सहा मिळतात आणि पंखे किंचित अधिक वेगाने फिरवून काम भागते. ३६० चा एकच घेतला तर एका पंख्यामागे सव्वादोनशेहून अधिक वॅट येतात. लूप चालेल, पण पाणी खूप तापेल नाहीतर पंख्यांचा आवाज एअर कूलरहून वाढेल. म्हणजे पैसे गेले, श्रम गेले आणि जी शांतता हवी होती तीच हरवली. पहिल्या लूपमध्ये सर्वांत जास्त निराशा येते ती इथे, आणि तिचे मूळ रेडिएटर शेवटी निवडण्यात असते.

आपल्याकडच्या हवामानाचा मुद्दा इथेच यायला हवा, कारण पाश्चात्त्य देशांतल्या चाचण्यांत खोली बहुधा २० ते २५ अंशांची असते. पुण्यात मे महिन्यात दुपारी खोली ३४-३५ अंशांवर असू शकते. नागपूर-चंद्रपूरकडे बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा घरातही चाळिशी सहज गाठली जाते. मग पाणी १० अंश वर म्हणजे ५० वर. काही जण यावरून म्हणतात की आपल्या उन्हाळ्यात पाण्याचा उपयोगच नाही. पण खोली तापली की एअर कूलरही तेवढ्याच अंशांनी तापतो. फरक तसाच राहतो. बदलते ती मोकळीक. नळ्या, पंप आणि द्रव यांचे निर्माते पाण्याच्या तापमानाची जी मर्यादा देतात ती अनेकदा ६० अंशांच्या आसपास असते. २२ अंशांच्या खोलीत तिथवर जायला बराच वाव असतो, ४० अंशांच्या खोलीत फार थोडा. म्हणून विदर्भात किंवा मराठवाड्यात एसीविना चालणाऱ्या संगणकासाठी रेडिएटर हिशोबापेक्षा एक आकार मोठा घ्यावा. उलट कोकणातल्या दमट हवेत दव धरेल ही भीती बाळगू नये. पाणी खोलीपेक्षा गार होतच नसल्यामुळे नळ्यांवर थेंब जमत नाहीत. आणि एक गोष्ट स्पष्ट असू द्यावी: लूपने खोली गार होत नाही. ६८० वॅट खोलीतच येतात, आणि एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उपसतो हे धरले तर त्याच्या क्षमतेचा जवळपास पाचवा भाग हा संगणकच खातो.

रेडिएटर ठरला की तो बसेल असे कॅबिनेट पाहायचे, आणि इथे फूटपट्टी हातात घ्यावीच लागते. बारीक रेडिएटर ३० मिमीच्या आसपास जाड असतो आणि साधा पंखा २५ मिमी. म्हणजे ५५ मिमी. जाड रेडिएटर ४५ किंवा ६० मिमीचे असतात. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ‘वर ३६० बसतो’ असे लिहिलेले असते, पण तो मदरबोर्डच्या वरच्या कडेचे हीटसिंक आणि उंच रॅम यांना अडतो का, हे तिथे नेहमी दिसत नाही. पुढे रेडिएटर लावला तर लांब ग्राफिक्स कार्डासाठी किती जागा उरते, टाकी कुठे उभी राहील, नळीला वळायला जागा आहे का, हे सगळे मोजून कागदावर काढावे. शक्य असेल तर एक रेडिएटर तरी बाहेरची ताजी हवा आत ओढणारा असावा, कारण कॅबिनेटमध्ये आधीच तापलेल्या हवेने पाणी नीट गार होत नाही. पत्र्यांची दाटी जास्त असलेल्या रेडिएटरला दाबाने हवा ढकलणारे पंखे लागतात. हळू पंखे वापरायचे तर विरळ पत्र्यांचा रेडिएटर बरा. आपल्याकडच्या धुळीचा विचार करताही विरळ पत्रेच सोयीचे, ते ब्लोअरने लवकर साफ होतात. हवा आत येते त्या बाजूला काढता येणारी जाळी असलेले कॅबिनेट दिव्यांच्या कॅबिनेटपेक्षा अधिक उपयोगाचे.

यानंतर पाण्याच्या वाटेचा क्रम. नव्या माणसाला वाटते की प्रोसेसरचे तापलेले पाणी ग्राफिक्स कार्डाकडे जाण्याआधी मध्ये रेडिएटर हवाच. हा समज आकडेमोडीपुढे टिकत नाही. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल तर ६८० वॅट घेऊनही पूर्ण फेरीत ते अडीच अंशांहूनही कमी तापते. प्रवाह निम्मा झाला तरी फरक पाचाच्या आतबाहेर. काही फेऱ्यांतच सगळ्या लूपमधले पाणी जवळजवळ एका तापमानाला येते, म्हणून भागांचा क्रम नळ्या सरळ आणि आखूड होतील असा ठेवावा. नियम पाळायचे ते दोनच. टाकी पंपाच्या आधी आणि पंपापेक्षा वर असावी, म्हणजे पंपाला कायम पाणी मिळेल. हे पंप आतल्या पाण्यानेच वंगण घेतात आणि कोरडे चालले की खराब होतात. दुसरा नियम प्रोसेसर ब्लॉकचा: त्याचे आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे तोंड ठरलेले असते, ते उलटे जोडू नये. पंपांत लाइंगच्या डी५ आणि डीडीसी या दोन घराण्यांचा दबदबा आहे. दोन ब्लॉक आणि दोन रेडिएटरच्या लूपला यांपैकी एक पुरतो. तो पूर्ण वेगाने चालवण्याची गरज नसते, कारण प्रवाह एका मर्यादेपलीकडे वाढवून तापमानात फारसे काही मिळत नाही, आवाज मात्र मिळतो.

धातूंच्या बाबतीत मात्र कसलीही सवलत नाही. तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा ही माणसे एकत्र नांदतात. ॲल्युमिनियम त्यांच्यात घालायचे नाही. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागते. स्वस्त संचांत किंवा जुन्या एआयओतून काढलेल्या रेडिएटरमध्ये ॲल्युमिनियम असू शकते, म्हणून प्रत्येक भागाचा धातू खरेदीआधी वाचून घ्यावा. पाण्याचेही तसेच. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातले क्षार गीझरमध्ये बसतात तसेच ते ब्लॉकच्या बारीक फटींत बसतील. घरच्या आरओचे पाणीही चालत नाही, त्यात क्षार कमी असले तरी उरतातच. खात्रीचे डिस्टिल्ड वॉटर, त्यात शेवाळ आणि गंज रोखणारे द्रावण, किंवा निर्मात्याने तयार करून दिलेले कूलंट, हे दोनच पर्याय धरावेत. पहिल्यांदा पारदर्शक द्रव घ्यावा. दुधाळ रंगाच्या द्रवांत सूक्ष्म कण तरंगत असतात आणि कालांतराने ते ब्लॉकमध्ये साचण्याचा धोका असतो. पारदर्शक पाण्यात काही बिघडायला लागले तर ते डोळ्यांना लगेच दिसते. नवा रेडिएटर जोडण्याआधी डिस्टिल्ड पाण्याने दोन-तीनदा खळखळून धुवावा, कारण त्यात कारखान्यातल्या डाख देण्याच्या कामाचे अवशेष राहिलेले असतात.

नळ्यांची निवड हा मोहाचा विषय आहे. पीईटीजी किंवा ॲक्रिलिकच्या कडक नळ्या गरम करून वाकवायच्या, मापात कापायच्या, कडा घासून गुळगुळीत करायच्या. एक मिलिमीटर चुकला की नळी फिटिंगमध्ये तिरकी बसते आणि ओ-रिंगवर ताण येतो. थंड करण्याच्या बाबतीत कडक आणि मऊ नळीत फरक नाही. म्हणून पहिल्या लूपसाठी मऊ नळी घ्यावी, आतून १० मिमी आणि बाहेरून १३ किंवा १६ मिमी. १६ ची भिंत जाड असते आणि वळणावर ती सहज दबत नाही. पारदर्शक पीव्हीसी नळीतला मऊपणा आणणारा पदार्थ काळानुसार पाण्यात उतरू शकतो आणि चिकट थर धरतो. काळ्या ईपीडीएम रबराच्या नळीला हा त्रास नसतो. फिटिंगचे पेच जवळजवळ सगळीकडे जी १/४ मापाचे असल्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांना जुळतात, पण फिटिंग मात्र नेमक्या नळीच्याच मापाचे हवे. दहा-तेरा आणि दहा-सोळा यांची अदलाबदल चालत नाही. मऊ नळीचा आणखी एक गुण सहा महिन्यांनी कळतो: एखादा भाग काढायचा झाला तर ती वाकते आणि काम सोपे होते.

आता सर्वांत मोठ्या भीतीकडे वळू: पाणी आणि वीज एकाच पेटीत. ही भीती खोटी नाही, आणि ‘आमचा द्रव विजेचा वाहक नाही’ या जाहिरातीने ती झटकू नये. अतिशुद्ध पाणी विजेचे वाईट वाहक असते हे खरे, पण धातूंवरून फिरत असताना ते आयन गोळा करते आणि त्याचे वाहकपण वाढते. खरे संरक्षण पद्धतीत आहे. लूप जोडून झाला की पाणी भरण्याआधी हाताच्या पंपाने आणि दाबमापकाने त्यात साधारण अर्ध्या बारइतकी हवा भरावी, भागांच्या निर्मात्यांनी दिलेल्या मर्यादेत. काही वेळ काटा जागेवर राहिला तर जोड घट्ट आहेत. घसरला तर गळती सापडली, आणि तीही एक थेंब न सांडता. मग पाणी भरताना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाला वीज देऊच नये. एसएमपीएसच्या २४ पिनांच्या जोडणीवर छोटा जंपर प्लग लावला की मदरबोर्डविना फक्त पंप चालवता येतो. टाकी भरावी, पंप क्षणभर चालवून थांबवावा, पुन्हा भरावी. कॅबिनेट हलकेच इकडेतिकडे कलवून बुडबुडे बाहेर काढावेत. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून काही तास, जमल्यास पूर्ण दिवस, नुसता पंप फिरू द्यावा. एवढे केल्यावर धोका शून्य होत नाही, पण तो ओळखीचा आणि आटोक्यातला होतो. फिटिंग घट्ट करताना पान्याने पिळू नये; बंद करण्याचे काम ओ-रिंग करते आणि अति ताकदीने ती चेपते किंवा ॲक्रिलिकला तडा जातो.

आखणीत सर्वांत जास्त विसरली जाते ती पाणी काढण्याची सोय. लूप भरण्याचा दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, रिकामा करण्याचा कुणाच्याच नसतो. पण रॅम बदलायची असेल, कार्ड काढायचे असेल, वर्षाने द्रव बदलायचा असेल, तर तो दिवस येतोच. सगळ्यात खालच्या जागी तिहेरी जोड लावून त्याला छोटा कॉक बसवला की पाणी तिथून बादलीत येते. भरण्याचे तोंड सगळ्यात वर असावे, म्हणजे हवा आत येऊन पाणी पूर्ण उतरेल. या दोन जागा चित्रात नसतील तर ते चित्र अपुरे आहे. याच चित्रात पाण्याचे तापमान मोजणारा छोटा सेन्सरही काढावा. प्रोसेसरचे तापमान सेकंदासेकंदाला उडते आणि पंखे त्याच्या मागे लावले तर तेही सतत चढउतार करतात. पाण्याचे तसे नाही: लूपमध्ये एक लिटर पाणी असेल तर ६८० वॅट त्यात ओतूनही एक अंश चढायला सहा सेकंद लागतात. अनेक मदरबोर्डांवर अशा सेन्सरसाठी दोन पिनांची जागा असते. पंखे पाण्याच्या तापमानावर चालवले की आवाज सपाट आणि सौम्य राहतो. याच कारणाने लूपची परीक्षा पाच मिनिटांत होत नाही. पाणी स्थिर व्हायला अर्धा तास द्यावा आणि मगच आकडे लिहावेत. पंपाच्या फेऱ्या मदरबोर्डला कळतील अशी तार जोडून तो थांबल्यास इशारा मिळेल, ही व्यवस्थाही पहिल्या दिवशीच करावी.

शेवटचा आक्षेप खर्चाचा, आणि त्याला पळवाट नाही. युरोपातल्या जर्मनी आणि स्लोव्हेनियातल्या किंवा चीनमधल्या कंपन्यांचे हे भाग आपल्याकडे आयात होऊन येतात, आणि चार-सहा फिटिंग कमी पडली तरी काम आठवडाभर अडू शकते. म्हणून फिटिंगांची यादी चित्रावरून मोजून, दोन-तीन जास्त धरून एकदाच मागवावी. ग्राफिक्स कार्डाचा ब्लॉक विशिष्ट कार्डाच्या सर्किट बोर्डासाठीच बनतो. त्याच चिपचे दुसऱ्या कंपनीचे कार्ड घेतले तरी तो बसेलच असे नाही, आणि कार्ड बदलले की तो निकामी होतो. मूळ कूलर काढल्याने वॉरंटीवर काय परिणाम होतो हेही कंपनीनुसार बदलते, ते आधी वाचावे. पण इथेही उलट्या क्रमाचा फायदा दिसतो. रेडिएटर, पंप, टाकी, पंखे आणि चांगली फिटिंग हे भाग संगणक बदलला तरी पुढच्या लूपमध्ये जातात. जे भाग चटकन जुने होतात ते म्हणजे ब्लॉक आणि रंगीत द्रव, म्हणजे नेमके तेच, ज्यांवर नवखा माणूस आधी पैसे उधळतो. टिकणाऱ्या भागांवर खर्च आणि बदलणाऱ्या भागांत काटकसर, हे धोरण उष्णतेच्या हिशोबातूनच निघते.

हे सगळे वाचून कोणाला वाटेल की एवढ्या आखणीने हौसेतला आनंदच संपेल. मला याच्या अगदी उलट वाटते. आपल्या यंत्रात उष्णता कुठे जन्मते, कुठल्या वाटेने जाते आणि कुठे बाहेर पडते हे समजून घेऊन ती वाट हाताने बांधणे, हाच या छंदाचा गाभा आहे. चकचकीत नळ्या त्यानंतर कधीही घालता येतात. म्हणून पहिली ऑर्डर देण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी असाव्यात: कमाल वॅटची बेरीज, आपल्या खोलीचे मे महिन्यातले तापमान, त्यावरून ठरलेला रेडिएटर, कॅबिनेटमध्ये मोजून काढलेली त्याची जागा, आणि पाणी भरण्याचे व काढण्याचे ठिकाण. हा कागद पूर्ण झाला की उरलेली निवड सोपी होते आणि रंगही मनासारखा घेता येतो. आणि तो भरताना बेरीज तीनशे वॅटही होत नाही, किंवा दरवर्षी पाणी बदलायला वेळ काढण्याची तयारी नाही, असे लक्षात आले, तर त्या कागदानेच योग्य सल्ला दिला असे समजावे आणि एक चांगला एअर कूलर घेऊन निश्चिंतपणे कामाला लागावे.